रखमाकाकूचे वाइंडिंग खाते

"काकू, तुमच्या कोंबड्यांना नवरा नाही, मग त्या अंडी कशा घालतात?"

मी विचारले आणि नळावरची सगळी धुणी-भांडी थांबली. खरेच थांबली. जिन्याखाली दडून बसलेल्या नलूच्या टोळीतून एक दाबलेली किंकाळी तेवढी ऐकू आली.

पैज त्यांचीच होती. शास्त्राच्या तासाला बाईंनी फुलातले पुंकेसर आणि स्त्रीकेसर फळ्यावर काढले, फळ धरेपर्यंत आणून सोडले, आणि नलूने "मग कोंबडीचं कसं, बाई?" म्हटल्यावर "ते पुढच्या वर्षी" म्हणून फळाच पुसून टाकला. पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबणार? आमच्या लालबागच्या चाळीमागे तीसेक पांढऱ्याशुभ्र कोंबड्या होत्या. त्यांत औषधालासुद्धा कोंबडा नव्हता, आणि तरी रोज टोपली भरून अंडी निघत. नलू म्हणाली, "हिंमत असेल तर रखमाकाकूलाच विचार. तेही नळावर, सगळ्यांसमोर. विचारलंस तर रास्पबेरीची बाटली माझ्याकडून."

रखमाकाकूने हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. ती कोंबड्यांची मालकीण. तिच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे इतके व्रण होते, की ती रागावली आहे की हसते आहे हे आधी समजतच नसे.

"माका तरी खय आसा घोव?" ती म्हणाली. "माझा काम थांबला काय?"

नळावर जो हशा उसळला, तो रस्त्यापलीकडे इराण्याच्या हॉटेलात पोचला असेल. काकूचा नवरा बोटीवर खलाशी होता. एकदा गेला तो परत आलाच नाही, हे सगळ्या चाळीला ठाऊक होते. पण ते असे हसत सांगता येते हे मला त्या दिवशी कळले. मी रास्पबेरी प्यायले, आणि संध्याकाळपासून काकूकडे माझी ये-जा सुरू झाली.

"गिरगावात राहिलो असतो तर असले प्रश्न तुला पडलेच नसते," आई म्हणाली. माझ्या आईचे नाव राजलक्ष्मी. दोन खोल्यांत एवढे नाव वागवायचे म्हणजे अवघडच, त्यामुळे तिला जे काही खटके त्याचा दोष लालबागला जाई.

काकू पंधरा-वीस वर्षे गिरणीत वाइंडिंग खात्यात, सुताच्या बोबिनी भरायला होती. मग नवी यंत्रे आली आणि खात्यातल्या बायकांना कमी केले. बाकीच्या गावी गेल्या, कोणी भाजी विकू लागली. काकूने हातात पडलेल्या पैशांच्या सरकारी फार्मवरच्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या आणि चाळ नि गिरणीची भिंत यांच्यामधल्या बोळात जाळी ठोकून त्यांना ठेवले. त्याच गिरणीची भिंत! आणि नावे काय ठेवली, तर खात्यातल्या बायकांची. साळू, काशी, भागा, येसू, चंद्री, बायजा.

"मालकान काढल्यान, मी परत कामार घेतलंय," ती म्हणे.

सकाळचा भोंगा झाला की काकू जाळीपाशी उभी राहून हजेरी घेई. अंडी म्हणजे उत्पादन. एखाद्या दिवशी कमी निघाली, तर "आज संप आसा" असे इराण्याला कळवायचे. येसू नावाची कोंबडी सगळ्यांत खादाड आणि भांडखोर. खरी येसूबाईही म्हणे तशीच होती, जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ताटातली भाकरी उचलून खाणारी. एकदा खरी भागाबाई भेटायला आली आणि काकू आतून ओरडली, "भागेक बाहेर काढ, ती घाण करता!" बिचारी भागाबाई पायरीवरूनच परत निघाली होती. तिला हाताला धरून आणले आणि दोन अंडी उकडून घातली, तेव्हा कुठे तिची समजूत पटली.

अशा या खात्यात चैत्रात एके सकाळी भागा, म्हणजे कोंबडी, तुरा खाली घालून बसलेली दिसली. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या. तिच्याशेजारी साळू आणि बायजालाही तेच.

काकूने वाकून पाहिले. मग हात धुतले, जोडले, आणि हळू आवाजात म्हणाली, "देवी इलीहा."

झाले! अर्ध्या तासात सगळ्या चाळीला कळले. जाळीला कडुनिंबाचे डहाळे लागले. तांब्यावर नारळ ठेवून काकूने कोपऱ्यात देवीआईची स्थापना केली. तळमजल्यावरून फर्मान निघाले, की देवी घरात आहे तोवर चाळीत फोडणी द्यायची नाही, तळण काढायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणांनी रोज दुमदुमणारी आमची चाळ, पण पोरे आता "झालाच पाहिजे"सुद्धा कुजबुजत म्हणू लागली.

"कोंबडीला देवी आल्या म्हणून मी आमटीला फोडणी द्यायची नाही?" आई कडाडली.

"नको देऊस तर," अप्पा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"मी कुठे देतेय! मी आपलं विचारलं."

बायका दहीभाताच्या वाट्या घेऊन कोंबड्यांच्या दर्शनाला येऊ लागल्या. येसू एवढी सुटली, की तिला जाळीच्या दारातून जेमतेम बाहेर निघता येई. इराण्याने मात्र अंडी घेणे बंद केले. तो घाबरला नव्हता, गिऱ्हाइके घाबरली होती. देवीच्या कोंबडीचे आमलेट मागवायचे कोणी?

या सगळ्यात खूश एकच माणूस होता. बाबुराव. बाबुराव चाळ कमिटीचे चिटणीस, आणि समितीच्या सभांना जाऊन जाऊन त्यांना साधे बोलणे येईनासे झाले होते. कोंबड्यांच्या वासाने त्यांचे डोके दुखे.

"चाळकरी बंधुभगिनींनो," ते गॅलरीत मला एकटीला म्हणाले, "देवी आहे तोवर आम्ही सबुरीनं घेऊ. पण देवी गेली की कोंबड्या गेल्याच पाहिजेत! आणि तोवर त्या आपोआप गेल्या, तर मग प्रश्नच मिटला."

तो प्रश्न कसा मिटणार होता हे मला माहीत होते. काकूनेच सांगितले होते, की कोंबड्या मेल्या तर तिला गावी दिराच्या पडवीत जाऊन राहावे लागेल. जावेच्या हातचे खावे लागेल. सांगताना ती हसली नव्हती.

"काकू, भागाला परळला गुरांच्या इस्पितळात दाखवून आणू?"

"नी गो दाखवून. पण सुई नको. आई घरात इलीहा, तिका सुई दाखवूची नाय."

मी भागाला झाकणाच्या टोपलीत घातले आणि निघाले. इस्पितळात ही रांग! टांग्याचा लंगडा घोडा, पोट फुगलेली म्हैस, एका पारशिणीच्या मांडीवर शिंका देणारे कुत्रे. टांगेवाल्याने विचारले, "तेरेको क्या हुआ?"

"मला नाही, हिला. देवी आल्यात."

टांगेवाला एकदम मागे सरला. टोपलीला हात लावून त्याने तो कपाळाला लावला आणि घोडा बाजूला घेतला. म्हैसवाल्याने म्हैस बाजूला घेतली. पारशिणीने कुत्रे उचलून छातीशी धरले. मी थेट डॉक्टरांपुढे.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. भागाची चोच उघडून त्यांनी आत पाहिले. तिच्या घशात पिवळट चट्टे धरले होते.

"ही माणसांना येते ती देवी नव्हे. ही कोंबड्यांची वेगळी. व्हायरस असतो तिचा."

"म्हणजे कोण?"

"अगदी बारीक असतो. डोळ्यांना दिसत नाही. पण एकीकडून दुसरीकडे जातो, डासांबरोबरसुद्धा."

"काकूपण हेच म्हणते. आई दिसत नाही, पण सगळीकडे फिरते."

डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "ज्या आजारी आहेत त्यांना वेगळं ठेवा. खपल्यांना बोरिक लावा. या हिचं मात्र कठीण दिसतंय. बाकीच्यांना अजून काही झालेलं नाही ना? मग त्यांना लगेच लस टोचायला हवी. उशीर केलात तर सगळा कळप जाईल." त्यांनी भागाचा पंख उलगडून दाखवला. आतल्या बाजूला पातळ कातडीची एक घडी असते, तिथे ना पीस ना मोठी शीर. दोन टोकांची सुई लशीत बुडवून तिथून आरपार घालायची. "आठवड्यानं तिथं छोटी गाठ, खपली दिसली म्हणजे लस लागली. उद्या माझा माणूस पाठवू?"

"पाठवा," मी म्हणाले.

काकूला विचारलेच नव्हते! पण त्या दिवसांत मला वाटे, की नळावर तो प्रश्न विचारलेली मुलगी जगात काहीही करू शकते.

दुसऱ्या दिवशी नेमका हरताळ. ट्राम बंद, शाळा बंद. मी सुईचे नाव काढताच काकूने मला जाळीबाहेर घालवले होते, म्हणून मी नलूची टोळी जमवली आणि बोळात मोर्चा काढला. "कोंबड्यांना लस टोचलीच पाहिजे!" दोन घोषणा झाल्या असतील. काकू झाडू घेऊन बाहेर आली.

"माझ्या दारात मोरचो? गिरणीच्या दारात सात मोरचे काढलंय मी! माका घोषणा शिकवतास?"

मोर्चा जिन्याखाली पांगला. मी एकटीच उरले.

"काकू, त्या मरतील हो."

"माझ्या तोंडार बघ," काकू म्हणाली. झाडू तिने भिंतीला टेकवून ठेवला. "ही तिची सही आसा. घरातली तीन पोरा गेली, माका जगवल्यान. मी तिच्यार सुई घेवन जाऊ?"

मग मी झग्याची बाही वर केली. दंडावर माझ्या देवीच्या दोन टोचण्या आहेत, रुपयाएवढ्या गोल. "मलाही टोचलंय, काकू. आई माझ्यावर कुठं रागावली?"

काकूने त्या खुणांवरून बोट फिरवले. बराच वेळ फिरवले. आपल्या गालावरूनही तिने तेच बोट फिरवले.

"तुका टोचल्यानी, तेव्हा तिका कोणी इचारलेला?"

"नसेल विचारलं."

"थयच चुकता," काकू म्हणाली. "इचारूक व्हया."

एवढ्यात डॉक्टरांचा माणूस आला. भिवा त्याचे नाव. गळ्यात लशीचा थर्मास, हातात झेंडा. परळपासून चालत येताना वाटेत दोन मोर्चे लागले आणि तो दोन्हींत सामील झाला होता, त्यामुळे थर्मासातल्या बर्फाचे पाणी व्हायला आले होते. म्हणून त्याने घाईघाईने पायरीवर बसूनच लशीची बाटली फोडली, पूड पाण्यात कालवली आणि म्हणाला, "आता तासाभरात संपवाया हवी. न्हाईतर समदं फुकट." आणि सुई घेऊन बोळात शिरला.

कडुनिंब पाहिला. नारळ पाहिला. सुई खिशात घातली.

"न्हाई बा. देवीच्या घरात सुई? माजी बी लेकरंबाळं हायेत."

"अहो, तुम्ही सरकारी टोचणारे ना?" मी ओरडले.

"सरकार पगार देतंय. लेकरं तिनं दिल्यात."

बाटली फोडलेली, बर्फ वितळलेला, सरकारी माणूस हात जोडून उभा. सगळी चाळ गॅलऱ्यांतून खाली पाहत होती. बाबुराव तर खाली उतरून बोळाच्या तोंडाशीच उभे राहिले होते.

"गप ऱ्हवा सगळी," काकू म्हणाली. "मी कौल लावतंय."

कोकणातल्या देवळात देवाला विचारायचे असले म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. काकूने तगरीच्या दोन पाकळ्या भिजवल्या. दहीभाताची वाटी तिथेच होती, ती बाजूला सारली. पाठमोरी बसून नारळाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी लावली, आणि डोळे मिटून गाऱ्हाणे घातले.

"आये, बारा गावच्या माये! तू माझ्या कोंबयांका भेटूक इलंस, मी तुका दहीभात घातलंय, कोणाक फोडणी देवक दिली नाय. आता ह्या चेडू म्हणता टोचूया. टोचूचा असात तर उजवो दी. नाय तर डावो दी. रागान मात्र जाव नको."

आम्ही वाट पाहू लागलो.

पाकळ्या हलेनात. भिवा थर्मास हलवून आत पाणी किती झाले ते ऐके आणि माझ्याकडे दीनवाणे पाही. वरून कोणीतरी म्हणाले, "फुंकर मारा." त्याला बाकीच्यांनी गप्प केले. नारळावरचे पाणी वाळायला लागले, तशा पाकळ्या आणखीच घट्ट बसल्या. भागा जिन्याखालच्या टोपलीत घरघरत होती, तेवढाच आवाज.

आणि गाऱ्हाणे घालायला बसताना काकूने जाळीचे दार ओढून घेतले नव्हते, हे माझ्या लक्षात आले. दारातून येसू अंग चोरून बाहेर पडली. दोन पावले टाकली, मान वाकडी करून एका डोळ्याने नारळाकडे पाहिले, धावली, उजवी पाकळी टचकन टिपली आणि गिळूनही टाकली.

"हरकत!" बाबुराव गरजले. "हा कौल घटनेला धरून नाही! पाकळी पडली पाहिजे. ही खाल्ली गेली आहे!"

काकू उठून उभी राहिली. "बाबुराव, सवाल कोणाचो? कोंबयांचो. जवाब कोणी दिल्यान? कोंबयेन. तुमचा काय जाता?"

वरच्या गॅलरीतून टाळ्या पडल्या. माझी आईच ती! राजलक्ष्मी! नंतर तिने साफ नाकारले, पण मी पाहिले होते.

भिवानेही मान डोलावली. कौल मिळाला होता. तरी सुई मात्र त्याने माझ्याच हातात दिली. "मी धरतो, तू टोच. तुला न्हाई काय हुनार, तू टोचलेली हायेस."

मग काकूने हजेरी घेतली. "काशी!" भिवाने काशीला धरून पंख उलगडला. सुई आधी काशीऐवजी भिवाच्याच अंगठ्याकडे निघाली. पण ती पातळ घडी दिसली, उन्हात कंदिलाच्या काचेसारखी, आणि सुई बरोबर तिथेच गेली. टुच. काशीला कळलेही नाही. "चंद्री!" टुच. "येसू!" येसूने मात्र माझ्या बोटाचे साल काढले. ती सगळ्यांसाठी बोलली असे आम्ही धरून चाललो. लस संपली तेव्हा माझ्या वेणीत पिसे होती, झग्यावर नको ते होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी भिवालाच नमस्कार केला.

सगळे पांगल्यावर मी कोपऱ्यातला नारळ पुसायला घेतला. डावीकडची पाकळी अजून चिकटून होती. उजवीकडे, जिथली पाकळी येसूने खाल्ली होती, तिथे दह्याचा ओला ठिपका आणि भाताचे अर्धे शीत.

मी वळून काकूकडे पाहिले. ती अंडी पुसत होती.

"आई काय खुळी नाय गो," ती वर न बघता म्हणाली. "आणि तिची लेकपण नाय."

भागा तिसऱ्या दिवशी गेली. काकूने तिला गिरणीच्या भिंतीलगत पुरले, वर कडुनिंबाची डहाळी ठेवली. साळू आणि बायजा मात्र बोरिकने हळूहळू सुधारल्या. आठवड्याने मी एकेकीचा पंख उलगडून पाहिला. छोटी गाठ, वर खपली. पुढचीला गाठ. तिच्या पुढचीलाही! मी बोळातून ओरडत सुटले, "लागली! लागली!" पुढे एकाही कोंबडीला खपल्या आल्या नाहीत.

काकूने खणा-नारळाने आईची बोळवण केली, आणि त्या संध्याकाळी सगळ्या चाळीने एकदम फोडण्या दिल्या. मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या. असा ठसका उठला, की गिरणीतले लोक खिडक्यांत येऊन बघू लागले. कमिटीत बाबुरावांनी कोंबड्या हटवण्याचा ठराव मांडला, पण अनुमोदन द्यायला कोणी उभा राहीना. ज्यांच्यापुढे हात जोडले त्यांना घालवायचे कसे? इराण्याने अंडी पुन्हा सुरू केली. अंडी काही दिवस कमी निघाली खरी. "संप," काकूने कळवले.

काल रविवार. सकाळी मी खिडकीत उभी होते. आत आई अप्पांना गिरगावच्या एका स्थळाबद्दल सांगत होती, मुलगा बँकेत आहे, उर्मिलाची, म्हणजे माझी, मॅट्रिक झाली की बघून जाऊ म्हणतात. अप्पांचे म्हणणे आधी टायपिंग शिकू दे. माझे काय म्हणणे आहे ते विचारायला दोघेही विसरले होते.

खाली भोंगा नव्हता, तरी काकूची हजेरी चालू होती.

"काशी! चंद्री! साळू!" प्रत्येक नावाला आतून कुठूनतरी क्लक् येई. मग ती म्हणाली, "भागा!"

बोळात शांत झाले.

"रजेर," तिने स्वतःच उत्तर दिले, आणि पुढचे नाव घेतले.

मी खिडकीतून वळले.

"आई, अप्पा," मी म्हणाले, "मी कोंबड्यांची डॉक्टर होणार. गाईम्हशींचीपण, पण आधी कोंबड्यांची."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. अप्पांनी वर्तमानपत्र पूर्ण खाली घेतले. असे ते फक्त गोळीबाराच्या बातमीनंतर घेतात.

"अगं, तिथं मुलींना घेतात तरी का?" अप्पा म्हणाले.

"ते माहीत नाही," मी म्हणाले. "उद्या शाळा सुटली की परळला जाऊन मीच विचारणार आहे. सगळ्यांसमोर."